सागवानी फर्निचरला तेल लावताय? डबा घेण्याआधी हे वाचा

खानापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर दोन वर्षांपूर्वी उतरवलं. त्यातल्या सागवानी तुळया विकायला मन होईना, म्हणून जेवणाचं टेबल करून घेतलं. सगळं काम हातचं, रंध्याचं. टेबल तयार झाल्यावर सुतारमामांनी विचारलं, "पॉलिश कुठलं मारायचं? मेलामाइन की पीयू?"

"मामा, लाकूड लाकडासारखंच दिसू दे. तेल लावतो."

"लावा की. पण तेल लाकडाला पाजायचं असतं, वर साचवायचं नसतं."

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. ऐन जुलैत घाण्यावरचं जवसाचं कच्चं तेल आणून दोन जाड हात दिले आणि पुसलंही नाही. पंधरा दिवस झाले तरी टेबल चिकटच. मुलीची वही त्यावर बसली ती पान फाटूनच निघाली. शेवटी टर्पेंटाईनने पुसून, पॉलिश पेपरने घासून सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

सगळी तेलं सुकत नाहीत

तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते लाकडाच्या आत घट्ट होतं. हा गुण सगळ्या तेलांत नसतो. खोबरेल किंवा शेंगतेल लावलं तर लाकूड दोन दिवस छान दिसतं, पण ते तेल कधीच घट्ट होत नाही. धूळ धरतं, खवट वास मारतं.

सुकणारं आणि आपल्या ओळखीचं तेल म्हणजे जवसाचं. कुणी अळशी म्हणतं, कन्नडमध्ये अगसे, इंदूर-ग्वाल्हेरकडे अलसी. कच्चं तेल सुकायला आठवडा किंवा त्याहून जास्त घेतं. रंगाच्या दुकानात मिळतं ते बेलतेल, म्हणजे डब्यावर 'बॉईल्ड लिनसीड ऑईल' लिहिलेलं. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते कोरड्या हवेत एक-दोन दिवसांत सुकतं. तेच क्षार असल्यामुळे ते खायचं तेल नव्हे. पोळपाट, विळीचा पाट यांना ते लावू नका.

डब्यावरच्या नावांचा अर्थ

'टीक ऑईल' हे सागवानातून काढलेलं तेल नसतं. बहुतेक वेळा ते जवसाचं किंवा टंग तेल, थोडं वार्निश आणि थिनर यांचं मिश्रण असतं. 'डॅनिश ऑईल'ही त्याच जातीचं. वार्निशमुळे पाण्याला थोडं जास्त टिकतं, म्हणून जेवणाच्या टेबलाला बरं. टंग तेल मूळचं चीनमधल्या झाडाच्या बियांचं. ते पाण्याला जवसापेक्षा चांगलं तोंड देतं आणि पिवळंही कमी पडतं, पण महाग आणि सावकाश सुकणारं. जवसाचं तेल काळानुसार पिवळसर, गडद होत जातं. कपाट, झोपाळा, देव्हारा यांना तो जुना सोनेरी रंग शोभून दिसतो.

गोव्यात आणि कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात. लाकूड राखायला ते उत्तम, पण रंग काळपट आणि कच्चं असताना कातडी भाजणारं. घरातल्या फर्निचरचं ते काम नाही.

लावायचं कसं?

सागवानाच्या अंगात स्वतःचंच तेल असतं, त्यामुळे वरचं तेल सावकाश सुकतं. म्हणून 120, 180 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि थिनर उडाल्यावर त्याच दिवशी तेल लावा. ओल्या फडक्याखाली लाकूड जसं दिसेल, साधारण तोच रंग तेलाने येणार.

पहिल्या हातात तेल आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि वर राहिलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मामांच्या वाक्याचा अर्थ हाच. असे तीन पातळ हात, मध्ये किमान एक दिवस. पावसाळ्यात दोन-तीन दिवसही कमी पडतात. आपल्याकडे दिवाळीनंतरचा काळ उत्तम. पुढे महिनाभर गरम भांडं ठेवू नका.

फडक्यांची आग

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा भुशात टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही ते पेट घेऊ शकतं. काम संपलं की फडकी बाहेर, एकेक सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

हिशेब कुणाचा बरोबर?

मी कॉमर्सचा माणूस, हिशेब मांडून बघतो. मेलामाइन किंवा पीयूचा थर पाणी आणि गरम चहा जास्त सोसतो. ज्या टेबलावर दिवसभर पेले आपटणार, तिथे तोच घ्या, उगाच तेलाचा हट्ट नको. पण तो थर सुटायला लागला की बहुतेक सगळं खरवडून नव्याने करावं लागतं. तेलाला वर्षाकाठी एक हात द्यावा लागतो आणि पाणी लगेच पुसावं लागतं. मात्र डाग पडला तर तेवढीच जागा घासून, तेल लावून तासाभरात घरीच दुरुस्त होते. माझ्या पाच बाय तीनच्या टेबलाला सगळे हात मिळून अर्धा लिटर तेलही लागलं नाही. मेहनत मात्र लागली.

अंगणातल्या बाकाला जवसाचं तेल लावलंत तर आपल्या पावसात त्यावर बुरशी धरते. तेल न लावता सोडलं तर सागवान राखाडी होतं, पण सहज कुजत नाही.

ठरवण्याआधी सुतारांकडून त्याच लाकडाचा उरलेला तुकडा मागून घ्या. दोन-तीन तेलं त्यावर लावून आठवडाभर ठेवा. मग वर पाण्याचा थेंब टाका, चहाचा कप ठेवा, हात फिरवून बघा. मी तो तुकडा त्या दिवशी चुलीत घातला होता.