डिझेल पिकअप कुणाला परवडते?

अमेरिकेत शेती करणारा, बांधकामाचे ठेके घेणारा किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढणारा माणूस हेवी-ड्यूटी पिकअप घ्यायला जातो, तेव्हा त्याला सगळ्यांत महागात पडणारा निर्णय इंजिनाचा असतो. फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५०, रॅमच्या २५०० आणि ३५००, शेव्हर्लेची सिल्व्हराडो एचडी या गाड्यांचे भारासकट एकूण वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या पुढे जाते. जवळपास प्रत्येक मॉडेल पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळते. डिझेलसाठी मूळ किमतीवर साधारण १०,००० डॉलर जादा मोजावे लागतात. एवढे पैसे देताना ग्राहकाच्या हाती अधिकृत मायलेजसुद्धा नसते, कारण ८,५०० पौंडांवरच्या पिकअपना सरकारी मायलेजचे लेबल लावण्याचे बंधनच नाही. मग निर्णय ऐकीव गोष्टींवर होतो. डिझेल कमी पिते, डिझेलला काही होत नाही, डिझेल पिढीभर चालते, असे वडील सांगतात, शेजारी सांगतो आणि शोरूमवालाही सांगतो. तीस वर्षांपूर्वी हे बोलणे खरे होते. आज ते अर्धेच खरे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागाची किंमत गॅरेजच्या बिलात मोजावी लागते. माझे म्हणणे असे की डिझेल आजही उत्तम यंत्र आहे, पण ते फक्त सतत आणि जड काम करणाऱ्यालाच परवडते. जो त्याला कमी राबवतो, त्याच्याकडून ते देखभालीपोटी जास्त वसूल करते.

आधी डिझेलच्या दणकटपणाचे कारण पाहू. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनात हवा मूळ आकाराच्या सुमारे साडेदहाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, तर या गाड्यांच्या डिझेल इंजिनांत साधारण सोळाव्या हिश्शापर्यंत. हा दाब रोज सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन सगळेच जाडजूड करावे लागते. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जास्त जोर देते, त्यामुळे झीजही सावकाश होते. रॅमच्या पिकअपमध्ये बसणारे सहा सिलिंडरचे ६.७ लिटर इंजिन कमिन्सचे असते. १९१९ साली इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी सुरू झालेल्या या कंपनीचे नाव पुणेकरांना १९६२ पासून, किर्लोस्कर कमिन्सच्या स्थापनेपासून ओळखीचे आहे. जनरेटर असो की ट्रक, वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालणारे इंजिन ही त्या नावाची ख्याती आहे. पिकअपच्या इंजिनाचा गाभा आजही त्या ख्यातीला जागतो. बदल झाला आहे तो गाभ्याच्या भोवतीच्या यंत्रणेत.

डिझेलच्या धुरात काजळी असते आणि नायट्रोजन ऑक्साइडही असतात. हे दोन्ही घटक फुप्फुसांना घातक आहेत. म्हणून अमेरिकेने २००६ पासून रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलमधले गंधक दहा लाखांत १५ भागांवर आणले. २००७ च्या नियमांनी काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, गाडीत आणला. २०१० च्या नियमांनंतर युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करणारी यंत्रणा आली. डीपीएफमध्ये काजळी साठत जाते आणि ती अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी एग्झॉस्ट खूप तापायला हवा, आणि तो भार घेऊन हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीतच सहज तापतो. मुलांना शाळेत सोडणे, दुकानात जाणे, हीटर लावून तासभर इंजिन चालू ठेवणे अशाच वापरात गाडी राहिली, तर जाळण्याची प्रक्रिया पुन्हा पुन्हा सुरू होते आणि अर्धवट सुटते. काही इंजिनांत यासाठी जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. युरियाच्या द्रावणाचे, म्हणजे डीईएफचे, दुखणे निराळे आहे. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि ते उणे ११ अंशांना गोठते. म्हणून त्याची टाकी, पंप, फवारणीचे नोझल, तापवणारा हीटर आणि दर्जा तपासणारा सेन्सर असा वेगळा संसार गाडीत मांडावा लागतो. त्यातला एक सेन्सर बिघडला, तरी इंजिन ठणठणीत असताना संगणक गाडीचा वेग आणि ताकद कमी करू शकतो. ही तक्रार इतकी वाढली की ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, अशी अचानक कपात टाळण्यासाठी सॉफ्टवेअर बदला, असे मार्गदर्शन उत्पादकांना केले.

दुसरा बदल इंधन फवारण्यात झाला. आजच्या डिझेल इंजिनात इंधन सुमारे २,००० बार दाबाने फवारले जाते. फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनासारख्या साध्या रचनेत हाच दाब चार-पाच बार असतो. डिझेलच्या या उच्च दाबाच्या पंपात वंगणाचे काम डिझेलच करते, म्हणून डिझेलचा वंगणगुण महत्त्वाचा ठरतो. तो मोजण्याच्या चाचणीत घर्षणाने पडणारी खूण अमेरिकी मानकानुसार ५२० मायक्रॉनपर्यंत चालते, युरोपात ४६० मायक्रॉनपर्यंतच. बॉशचा सीपी-४ हा पंप याच फटीत सापडला, असा अमेरिकी वाहनमालकांचा दावा आहे. हा पंप आतून झिजला की धातूचा कीस नोझलपासून टाकीपर्यंत सगळीकडे पसरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते आणि बिल ८ ते १० हजार डॉलरपर्यंत जाऊ शकते. रॅमने २०२१ मध्ये २०१९ आणि २०२० च्या दोन लाखांहून अधिक कमिन्स गाड्या याच पंपासाठी परत बोलावल्या. असा बिघाड सर्रास होत नाही, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याची अनेक वर्षांची इंधनबचत एका दिवसात संपते.

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्येही फरक आहे. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेल इंजिनात सुमारे १२.३ लिटर ऑइल लागते, ७.३ लिटर पेट्रोल इंजिनात सुमारे ७.६ लिटर. डिझेलचे इंधन फिल्टर वापरानुसार १५ ते ३० हजार मैलांनी बदलावे लागतात, तर अशा पेट्रोल इंजिनांना ठराविक अंतराने फिल्टर बदलण्याची गरज सहसा नसते. डिझेल गाडीला थंडीत सुरू होण्यासाठी दोन बॅटऱ्या लागतात. फोर्डच्या डिझेलमध्ये कूलंटची दोन स्वतंत्र मंडले असतात. इंजिन काहीशे पौंडांनी जड असल्याने पुढचे टायर आणि सस्पेन्शनचे सांधे लवकर झिजतात. पेट्रोलच्या बाजूला नियमित मोठा खर्च म्हणजे साधारण लाख मैलांनी स्पार्क प्लग. रॅमच्या ६.४ लिटर हेमीत प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण १६ प्लग असतात, तरीही हा खर्च केव्हा येणार आणि किती, हे आधी सांगता येते.

माझ्या मते सरासरी खर्चापेक्षा खर्चाचा आधी अंदाज येण्याचा हाच मुद्दा मोठा आहे. पेट्रोल गाडीचा देखभालखर्च लहान हप्त्यांनी आणि ओळखीच्या वाटेने येतो. डिझेलचा नेहमीचा खर्च थोडा जास्त असतो, आणि त्याच्या मागे वॉरंटीनंतरचा एखादा प्रचंड खर्च दबा धरून असतो. उत्पादक डिझेल इंजिनावर साधारण ५ वर्षे किंवा १ लाख मैलांची वॉरंटी देतात. वर्षाला १२ हजार मैल फिरणाऱ्याची पाच वर्षे ६० हजार मैलांतच सरतात आणि उरलेले ४० हजार मैल वाया जातात. वर्षाला ३० हजार मैल भार ओढणारा तीच वॉरंटी सुमारे सव्वातीन वर्षांत पुरेपूर वापरतो. त्याच्या गाडीत काजळीही नीट जळते, कारण एग्झॉस्ट कायम तापलेला असतो. म्हणजे कमी राबवणाऱ्याला संरक्षण कमी मिळते आणि त्याच्या गाडीत बिघाडाची शक्यता मात्र जास्त राहते.

आकडे मांडून पाहू. पेट्रोल गॅलनला सव्वातीन डॉलर आणि डिझेल पावणेचार डॉलर धरू. अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. फेडरल करही डिझेलवर गॅलनला २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४ सेंट असा आहे. रिकाम्या गाडीने वर्षाला १२ हजार मैल फिरणाऱ्याला पेट्रोलवर गॅलनला ११ मैल आणि डिझेलवर १५ मैल पडले, तर इंधनात वर्षाला सुमारे ५४५ डॉलर वाचतात. डीईएफ, ऑइल आणि फिल्टर यांचा जादा खर्च ३०० डॉलर धरला, तर हाती उरतात २४५ डॉलर. या वेगाने १०,००० डॉलर भरून यायला चाळीस वर्षे लागतील. आता भार ओढत ३० हजार मैल जाणाऱ्याचे पाहू. पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर १२ मैल धरले, तर इंधनात सुमारे २,८०० डॉलर वाचतात. जादा देखभाल ७०० डॉलर धरली तरी २,१०० उरतात आणि जादा रक्कम पाच वर्षांच्या आत वसूल होते. गृहीतके बदलली तर आकडे हलतील, पण दोघांमधली दरी बुजणार नाही.

यावर पहिला आक्षेप आयुष्याचा येतो. डिझेल इंजिन तीन लाख मैल चालते, मग पेट्रोलशी तुलना कशाला? मात्र वर्षाला १२ हजार मैल चालवणाऱ्याला तीन लाख मैल गाठायला पंचवीस वर्षे लागतात. तोवर उत्तरेकडच्या राज्यांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चासिस गंजलेली असते आणि सेन्सर व वायरिंग थकलेले असते. न वापरलेल्या आयुष्याचे पैसे मोजण्यात शहाणपण नाही. दुसरा आक्षेप पुनर्विक्रीचा. डिझेल गाडीला जुन्या बाजारात जास्त भाव मिळतो, हे खरे आहे. पण जादा रकमेतली निम्मी परत आली असे धरले, तरी कमी वापरणाऱ्याला वीस वर्षे थांबावे लागते. तिसरा आक्षेप असा की पेट्रोल इंजिनेही बिघडतात. तेही खरे, हेमी इंजिनांत कॅमशाफ्ट आणि लिफ्टर झिजल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मात्र ती दुरुस्ती बहुधा इंजिनापुरती राहते, टाकीपासून सायलेन्सरपर्यंत पसरत नाही. चौथा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडे ११ हजार फुटांवर जड ट्रेलर चढवायचा असेल, तर विरळ हवेत टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन सुमारे एक तृतीयांश ताकद गमावते. टर्बो असलेले डिझेल तिथे शांतपणे चढते, आणि उतारावर एग्झॉस्ट ब्रेक वापरून ब्रेक पॅडही वाचवते. पण हा युक्तिवाद भार ओढणाऱ्याच्या बाजूचा आहे, माझेही म्हणणे तेच आहे.

एक आक्षेप मात्र मी ठामपणे नाकारतो. डीपीएफ आणि डीईएफची यंत्रणा काढून टाका, गाडी पूर्वीसारखी बिनघोर चालेल, असा सल्ला अमेरिकेत उघडपणे दिला जातो. ईपीएने २०२० मध्ये अंदाज मांडला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरून ही यंत्रणा काढली गेली, म्हणजे अशा गाड्यांपैकी सुमारे १५ टक्के. हे बेकायदेशीर आहे. कंपन्यांनाही यातून सूट मिळाली नाही. रॅमच्या गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरवरून कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही, पण दंड भरला. काढलेल्या यंत्रणेमुळे वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो शेजारच्या मुलाच्या दम्यात आणि रस्त्यालगत राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छातीत उतरतो. आपल्या गाडीचा देखभालखर्च दुसऱ्याच्या श्वासावर ढकलण्याचा अधिकार कुणालाही नाही.

महाराष्ट्रात गाड्यांचा आकार लहान आहे, तरी प्रश्नाचा गाभा तोच आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर आला आणि मालवाहू डिझेल गाड्यांत डीपीएफ आला, अनेकांत डीईएफची टाकीही आली. नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी घेऊन जाणाऱ्या पिकअपला महामार्गाची सलग धाव मिळते, तिथे डिझेलची यंत्रणा निरोगी राहते. पुण्याच्या पेठांत दिवसभर दहा-दहा मिनिटे थांबत पार्सले पोचवणाऱ्या टेम्पोत तीच यंत्रणा काजळीने घुसमटते. त्या मालकाने सीएनजीचा विचार आधी करावा, मात्र सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी आणि पंपावरच्या रांगेतला वेळ हिशेबात धरावा.

म्हणून इंजिन निवडण्याआधी एक साधी नोंद करावी: आठवड्यात किती दिवस गाडी जड भार ओढते, आणि एका दमात किती अंतर जाते. उत्तर बहुतेक दिवस आणि लांब पल्ला असे असेल, तर डिझेलचे जादा पैसे निर्धास्त द्यावेत, फिल्टर वेळेवर बदलावेत, इंधन खात्रीच्या पंपावरच भरावे. उत्तर कधीमधी असे असेल, तर पेट्रोल घ्यावे आणि उरलेले १०,००० डॉलर गाठीशी ठेवावेत. विक्रेत्यांनीही मायलेज सांगताना वॉरंटीनंतरच्या दुरुस्तीचा अंदाज लेखी द्यायला हवा. कर्ज काढून पोटापाण्यासाठी गाडी घेणाऱ्या माणसाला पूर्ण हिशेब मिळणे हा त्याचा हक्क आहे.