हजार एकरांची राखण

कोस्टा रिकाच्या नैर्ऋत्य टोकाला ओसा हा द्वीपकल्प आहे. एका अंगाला उघडा पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला गोल्फो दुल्से हे खोल आणि शांत आखात, मधल्या डोंगरांवर सदाहरित वर्षावन. द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, मातापालो भूशिराजवळ, समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटर उंचीच्या एका धारेवर ‘लापा रिओस’ हे जंगलनिवासाचं ठिकाण १९९३ पासून चालू आहे. गवती छपराच्या सोळा-सतरा खोल्या आणि त्यांच्याभोवती सुमारे हजार एकर खासगी रान, एवढा त्याचा पसारा. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिखाण खोल्यांतून दिसणारा समुद्र, जेवण आणि पक्षी यांच्याभोवती फिरतं. मला सोळा आणि हजार या दोन आकड्यांमधलं नातं जास्त महत्त्वाचं वाटतं. माझं म्हणणं असं, की खोल्यांच्या भाड्यातून रानाच्या राखणीचा पगार निघतो हे खरं असलं, तरी नुसत्या भाड्यावर राखण टिकत नाही. ती टिकायची तर मालकाने स्वतःच्या हक्काला कायद्याचा बांध घालावा लागतो. लापा रिओसने हा बांध घातला, म्हणून त्याचा अभ्यास करायचा.

ओसाचं रान आपोआप वाचलेलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोस्टा रिकात गुरांच्या कुरणांसाठी आणि लाकडासाठी एवढी तोड झाली, की १९८० च्या दशकात देशाचं वनाच्छादन एक-चतुर्थांशाच्या आसपास येऊन ठेपलं. १९७५ मध्ये ओसावर कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी, या भागाची पाहणी करायला आलेले स्वीडिश निसर्गरक्षक ओलोफ वेसबर्ग यांचा इथे खून झाला. उद्यान झाल्यावरही सोनं धुणारे लोक नद्यांमध्ये उतरत राहिले. १९८५ च्या सुमारास युनायटेड फ्रूट कंपनीने या भागातल्या केळीच्या बागांमधून काढता पाय घेतला. गोल्फितो आणि परिसरातल्या हजारोंचा रोजगार बुडाला आणि त्यातले कित्येक पाटी-फावडं घेऊन कोर्कोवादोच्या ओढ्यांकडे वळले. १९८६ मध्ये सरकारला त्यांना बाहेर काढावं लागलं. या घटनाक्रमात एक गोष्ट लख्ख दिसते: इथल्या माणसाच्या हातची मजुरी गेली, की तिची भरपाई रानाकडून वसूल होते. उद्यानाची सीमारेषा नकाशावर होती, पण तिच्या बाहेर पोट भरायची सोय नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटाहून जॉन आणि कॅरन लुइस हे जोडपं इथे आलं. ते वकील, त्या संगीतशिक्षिका. मालमत्ता विकून त्यांनी ही जमीन घेतली. रान राखायचं आणि त्याचा खर्च पाहुण्यांच्या पैशातून काढायचा, हा हेतू पहिल्यापासून होता. मग बांधकाम त्या हेतूला धरूनच झालं. खोल्यांना काचा नाहीत, जाळ्या आहेत. वातानुकूलन नाही, दूरचित्रवाणी नाही. धारेवर वारा खेळता राहतो, त्यावर भागवलं जातं. पाणी उन्हावर तापतं. स्वयंपाकघरातलं उष्टं-खरकटं डुकरांना जातं, डुकरांची विष्ठा बायोगॅसच्या टाकीत पडते आणि त्या गॅसवर कर्मचाऱ्यांचं अन्न शिजतं. कोस्टा रिका सरकार पूर्वी पर्यटन व्यवसायांना शाश्वततेसाठी एक ते पाच पानांचं मानांकन देत असे. त्यातली पाचही पानं मिळवणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांत लापा रिओस होतं. पण माझ्या दृष्टीने खरी कसोटी खोल्यांच्या संख्येची आहे. जागा हजार एकर आणि मागणी भरपूर असताना साठ-सत्तर खोल्या बांधण्याचा मोह कुठल्याही व्यावसायिकाला होईल. इथे तीस वर्षं आकडा सोळा-सतरापुढे गेला नाही.

रान म्हणजे नेमकं काय राखायचं, हे एका पक्ष्यावरून कळतं. ओसाच्या किनाऱ्याला बदामाची झाडं आहेत. आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी असतं, पानं गळण्याआधी लालबुंद होतं, तेच आडव्या फांद्यांचं झाड. मूळचं ते आपल्या बाजूचं, माणसाबरोबर तिकडे गेलं. शेंदरी मकाव त्यावर थव्याने उतरतात. हिरवं फळ एका पायात धरायचं, चोचीने साल उतरवायची, आतलं टणक कवच फोडायचं आणि जाड, काळपट जिभेने बी ओढून घ्यायची. खाली झाडाच्या बुंध्याशी फोलपटांचा सडा पडलेला असतो. म्हणजे खाण्यापुरतं मकावला कुणीतरी लावलेलं झाडही चालतं. पण अंडी घालायला त्याला जुन्या, प्रचंड खोडांमधल्या ढोल्या लागतात, आणि तशी ढोली व्हायला झाडाचं आयुष्य जावं लागतं. लागवड करून ती दहा-वीस वर्षांत मिळत नाही. १९९० च्या दशकात एका अमेरिकी कागद कंपनीच्या उपकंपनीने याच भागात लगद्यासाठी हजारो हेक्टरांवर शिवणीची लागवड आणि गोल्फो दुल्सेच्या काठी लाकडाच्या चिप्सचा कारखाना असा घाट घातला होता. शिवण हेही आपल्या सह्याद्रीतलं झाड. उपग्रहाच्या चित्रात शिवणीची बाग हिरवीच दिसते. पण तिच्यात ढोली नाही, आणि फांद्यांवरून झोके घेणाऱ्या, वरच्या छतातूनच फिरणाऱ्या स्पायडर माकडाला तिथे वाटही नाही. नागरिकांनी नेटाने विरोध केला आणि कारखान्याची योजना बदलावी लागली. उभं जुनं रान राखण्याला पर्याय नाही, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

आता पैशाचं. कोस्टा रिकाने १९९६ च्या वन कायद्याने जंगलाचा वापर बदलायला बंदी घातली आणि इंधनावरच्या करातून रान राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला द्यायला सुरुवात केली. योजना उत्तम आहे; देशाचं वनाच्छादन पुन्हा निम्म्याच्या वर गेलं त्यात तिचा वाटा आहे. तरी मोबदला हेक्टरी वर्षाला साठ-सत्तर डॉलरच्या घरात राहिलेला आहे. हजार एकर म्हणजे चारशे हेक्टर धरले, तर वर्षाला चोवीस ते अठ्ठावीस हजार डॉलर होतात. हे मालकाच्या हातात पडतात, गावाच्या नाही. दुसऱ्या बाजूला, ओसातल्या पर्यटनावर विल्यम ड्युरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की निसर्ग-पर्यटनात काम करणाऱ्या स्थानिकाचं महिन्याचं उत्पन्न सुमारे सातशे डॉलर आणि इतर कामं करणाऱ्याचं साधारण त्याच्या निम्मं होतं. पन्नास माणसं कामावर आहेत असं धरून हिशेब करा: वर्षाला चार लाख डॉलरच्या वर रक्कम पगाराच्या रूपाने पुएर्तो हिमेनेस या गावात आणि आसपासच्या वस्त्यांत जाते. त्याच रानावर, एकही झाड न पाडता. १९८६ च्या सोनं धुणाऱ्यांना जे मिळालं नव्हतं, ते हेच.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: जमीन परदेशी माणसांची, नोकर स्थानिक, मग यात नवं काय? केळीच्या बागांतही हेच होतं. मालकीच्या प्रश्नावर मी लापा रिओसची बाजू घेणार नाही. ओसावरची चांगली जमीन बाहेरच्यांच्या हातात जाणं ही गंभीर गोष्ट आहे. पण दोन फरक नजरेआड करू नयेत. लुइस दांपत्याने कार्बोनेरा या शेजारच्या वस्तीत शाळा उभी राहण्यासाठी पुढाकार घेतला. तोवर या बाजूच्या मुलांना जवळ शाळाच नव्हती. आणि केळीच्या बागेत मजुराचं ज्ञान निरुपयोगी असतं, त्याचे हात हवे असतात. इथे लहानपणी शिकारीला गेलेल्या माणसाला टॅपिर कुठल्या चिखलात लोळतो, हाउलर माकडं पहाटे कुठल्या झाडावरून ओरडतात, हे ठाऊक असतं, आणि त्या माहितीवरच त्याला वाटाड्याची नोकरी मिळते. त्याच्या ज्ञानाला बाजारात किंमत आली, तीही प्राणी जिवंत असेपर्यंतच. हा फरक मला मोठा वाटतो.

दुसरा आक्षेप विमानांचा. न्यूयॉर्कहून, लंडनहून येणारा पाहुणा येण्या-जाण्यात जो कार्बन सोडतो, त्याचं काय? मुंबईहून जाणाऱ्याचा तर आणखी जास्त. हजार एकर रान तो शोषून घेतं, असं उत्तर काही जण देतात. ते मला पटत नाही. जे रान आधीपासून उभं आहे, त्यातला साठा पाहुण्याच्या नावे जमा धरता येत नाही. प्रवासाची किंमत प्रवासाच्याच खात्यावर राहील, आणि ती कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे क्वचित जाणं आणि गेल्यावर जास्त दिवस राहणं. एवढं मान्य करूनही असं म्हणता येतं, की पाहुणे आले नसते तर या रानाच्या जागी दुसरं काही उभं राहिलं असतं, आणि गेलेलं जुनं वन परत आणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत नेमका आहे, आणि लेखाचा गाभा त्याच्याशी निगडित आहे. पर्यटनाचा पैसा बेभरवशाचा असतो. कोविडच्या साथीत, २०२० च्या मार्चमध्ये, कोस्टा रिकाने सीमा बंद केल्या आणि ओसावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. शिवाय पर्यटन यशस्वी झालं, की तेच रानाच्या मुळावर उठतं: समुद्र दिसणाऱ्या डोंगरउताराचा भाव वाढतो, मालक म्हातारे होतात, वारस विकायला निघतात, आणि सोळा खोल्यांच्या जागी चाळीस बंगले येतात. कायदा तोडीला बंदी घालतो, हे खरं. पण आजचा धोका कुऱ्हाडीपेक्षा बंगल्यांचा, रस्त्यांचा आणि तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचा जास्त आहे, आणि संसदेने केलेला कायदा पुढची संसद बदलू शकते.

याचं उत्तर लुइस दांपत्याने २०१३ मध्ये दिलं. सेदारेना ही कोस्टा रिकातली कायदेविषयक पर्यावरण संस्था आणि द नेचर कॉन्झर्व्हन्सी यांच्यासह त्यांनी या जमिनीवर कायमचा संवर्धन-बोजा नोंदवला. त्यामुळे जमिनीची मालकी बदलली, तरी रान राखण्याची अट जमिनीबरोबर जाते. नवा मालक ती विकत घेताना अटीसकट घेतो. साहजिकच बाजारात जमिनीची किंमत घटते, आणि ती घट लुइस यांनी जाणूनबुजून पत्करली. सुविधा, मानांकन, बायोगॅस हे सगळं उद्याचा व्यवस्थापक मोडीत काढू शकतो. हा बोजा त्याला काढता येत नाही. २०२० मध्ये गल्ला रिकामा होता, तेव्हाही तो जागेवर होता. अर्थात कागद रानात गस्त घालत नाही. ती पगारी माणसंच घालतात. म्हणून भाडं आणि बोजा या दोन्ही गोष्टी लागतात. पण आधी कोणती, असं विचाराल तर बोजा. भाडं बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करता येतं.

हे कोकणात वाचण्यासारखं आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं बहुतांश जंगल खासगी मालकीचं आहे. सातबाऱ्यावर दहा-बारा भावकीतली नावं, माणसं मुंबईत, आणि ठेकेदार दर काही वर्षांनी उभं रान सरसकट तोडून नेतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्या जागी रबर येतं. निसर्ग-पर्यटनाच्या पाट्याही भरपूर लागल्या आहेत, पण त्यांतल्या कितींनी आपल्याच जमिनीवर खोल्यांची मर्यादा कायद्याने बांधून घेतली? आपल्याकडे तसा कायदा नाही, असं उत्तर येईल. ते पूर्ण खरं नाही. कोस्टा रिकाच्या जुन्या दिवाणी संहितेतही संवर्धनासाठी वेगळी तरतूद नव्हती. एका जमिनीवरचा बोजा शेजारच्या दुसऱ्या जमिनीच्या लाभासाठी असावा लागे, वाटेच्या किंवा पाण्याच्या हक्कासारखा. तिथल्या वकिलांनी शेजारी-शेजारी असलेल्या रानांच्या मालकांना एकमेकांच्या लाभासाठी बोजे नोंदवायला लावून वाट काढली. आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदाही दोन जमिनींच्या याच कल्पनेवर उभा आहे, आणि शेजारच्या जमिनीवर काही करू न देण्याचा हक्क त्याच्या व्याख्येत बसतो. दोन भावकींची लागून असलेली रानं किंवा एखाद्याचं रान आणि त्याला भिडलेली गावाची देवराई, अशा जोड्या कोकणात गावोगाव सापडतील. अशी पहिली नोंद करायला एक तयार कुटुंब, एक चिकाटीचा वकील आणि दर वर्षी रानात फिरून अटींची तपासणी करणारी एक संस्था लागेल. त्या तपासणीचा खर्च चार-सहा खोल्यांच्या भाड्यातूनही निघू शकेल.