आईच्या रक्तातला बाळाचा माग

गरोदरपणात झटके येऊन दगावलेल्या स्त्रियांची शवविच्छेदने करताना जॉर्ज श्मोर्ल या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाला १८९३ साली त्यांच्या फुप्फुसांत काही मोठाल्या, अनोळखी पेशी दिसल्या. त्या फुप्फुसाच्या नव्हत्या; वारेतून सुटून रक्ताबरोबर वाहत तिथवर आल्या होत्या. आई आणि बाळ यांच्यामध्ये वारेची भिंत असते खरी, पण ती अभेद्य नाही, हे तेव्हा कळले.

या पेशी हाती लागल्या तर पोटात सुई न घालता बाळाची गुणसूत्रे तपासता येतील, ही कल्पना पुढे अनेकांना खुणावत राहिली. कारण खात्रीच्या निदानासाठी गर्भजल काढावे लागते आणि त्यात, थोडा का होईना, गर्भपाताचा धोका असतो. १९६९ मध्ये गरोदर स्त्रियांच्या रक्तात ‘वाय’ गुणसूत्र असलेल्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. बाईच्या रक्तात ‘वाय’ येणार कुठून? पोटातल्या मुलाकडूनच.

अडचण होती संख्येची. आईच्या एक मिलिलिटर रक्तात अब्जावधी पेशी, त्यांत बाळाच्या जेमतेम एक-दोन. गोदामभर तांदळात दुसऱ्या वाणाचा एक दाणा निवडण्यासारखेच हे. त्यात १९९६ मध्ये अमेरिकेतील डायना बिआंकी यांनी दाखवून दिले की मुलगा झाल्यावर २७ वर्षांनीही त्याच्या पेशी आईच्या रक्तात सापडतात. ऐकायला हे किती छान! निदान करणाऱ्याची मात्र पंचाईत झाली. सापडलेली पेशी आताच्या बाळाची की थोरल्याची?

वाट निघाली ती भलतीकडूनच. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी पेशींचा नाद सोडून पेशी काढल्यावर उरणाऱ्या पिवळसर रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, शोध घेतला. झटपट नूडल्स उकळताना प्लाझ्माही उकळून पाहावा असे सुचले, असे ते सांगतात. त्या प्लाझ्मात बाळाच्या डीएनएचे तुकडे तरंगत होते! दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तातील अशा मोकळ्या डीएनएपैकी साधारण १० टक्के गर्भाचा असतो आणि बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत तो नाहीसा होतो. थोरल्याचा घोळ आपोआप मिटला. कोट्यवधी तुकडे वाचून २१व्या गुणसूत्राचे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त भरले, तर डाउन सिंड्रोमची शंका घ्यायची. २०११ पासून ही तपासणी बाजारात आहे. ‘एनआयपीटी’ म्हणतात ती हीच.

खरा घोटाळा होतो तो अहवाल वाचताना. ‘९९ टक्क्यांहून अचूक’ हे शब्द माहितीपत्रकावर असतातच. समजा, ही तपासणी १०० पैकी ९९ बाधित गर्भ ओळखते आणि हजार निरोगी गर्भांमागे फक्त एकदा चुकते. पंचविशीतल्या एक लाख गर्भवतींत डाउन सिंड्रोमची बाळे साधारण ८०. ती जवळजवळ सगळी सापडतील. पण उरलेल्या सुमारे लाखभर निरोगी गर्भांपैकी १०० जणांनाही ‘जास्त धोका’ असा शिक्का बसेल. म्हणजे घाबरवणाऱ्या १८० अहवालांपैकी निम्म्याहून अधिक खोटे! चाळिशीच्या गर्भवतींत शंभरातल्या एका बाळाला हा दोष असतो, म्हणून तिथे तोच शिक्का दहापैकी नऊ वेळा खरा ठरतो. तपासणी तीच, यंत्र तेच. फरक फक्त वयाचा.

दुसरी मेख अशी की हा ‘बाळाचा’ डीएनए मुख्यतः वारेचा असतो. क्वचित दोष वारेत असतो आणि बाळ निर्दोष असते. म्हणून ही चाळणी आहे, निदान नव्हे. अहवाल वाईट आला तर गर्भजल तपासणी करूनच पुढचे ठरवायचे. केवळ या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेणे म्हणजे चांगले बाळ गमावण्याची तयारी ठेवणे. आणि अहवाल चांगला आला म्हणून १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी टाळू नये; हृदयातले किंवा मणक्यातले बहुतेक दोष या रक्ततपासणीत दिसतच नाहीत.

लो यांनी पहिल्यांदा प्लाझ्मात शोधले ते ‘वाय’ गुणसूत्रच. परदेशात कित्येक जोडपी मुलगा की मुलगी हे याच तपासणीतून जाणून घेतात. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यामुळे आपल्याकडच्या अहवालात लिंग छापले जात नाही. ‘डॉक्टर, नुसती खूण तरी करा’ असे म्हणणारे नातेवाईक आजही भेटतात. ती खूण करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरतो, आणि ती मागणारा नातेवाईकही.