रीत आणि व्यवहार

शाळेंत आम्ही मुलांस सांगत असूं, रीत समजली कीं उदाहरण सुटलेंच. व्यवहाराचा अनुभव निराळा आहे. इ. स. १७४७ मध्यें ब्रिटिश आरमारांतील वैद्य जेम्स लिंड यानें हिरड्या सडविणाऱ्या स्कर्व्ही रोगानें पीडलेल्या १२ खलाशांवर ६ उपाय करून पाहिले. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं, ते सर्वांत लवकर बरे झाले. पुढें फळें नासतात म्हणून रस आटवून ठेवण्याची युक्ति त्यानेंच सुचविली. पण उष्णतेनें त्यांतील गुण बराचसा नाहींसा होई. आरमारांत लिंबाचा रस नियमानें मिळण्यास १७९५ साल उजाडलें. उत्तर सांपडलें, तरी तें जहाजावर टिकवून नेणें हें दुसरेंच उदाहरण होतें. असें दुसरें उदाहरण आम्ही मुलांस कधीं घातलेंच नाहीं, याची आतां खंत वाटते.