प्लाझ्मा तंत्र : कचऱ्याचा नाश, ऊर्जेची प्राप्ती आणि वर्धा जिल्हा

नगरांची आणि मोठ्या गावांची वाढ होत असताना कचऱ्याची विल्हेवाट हा स्थानिक स्वराज्य संस्थांपुढील बिकट प्रश्न होऊन बसला आहे. त्यावरील आधुनिक उपाय म्हणून प्लाझ्मा तंत्राचे नाव घेतले जाते. कोणताही कचरा यंत्रात टाकावा, तो नाहीसा व्हावा आणि वर वीजही मिळावी, असे त्याचे चित्र रंगविण्यात येते. या चित्रात तथ्य किती आणि वर्धा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या तंत्राचे स्थान कोणते, याचा विचार पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी करणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या निवडीचा भार अखेर नागरिकांच्या खिशावर आणि आरोग्यावर पडतो.

प्लाझ्मा म्हणजे काय?

घन, द्रव व वायू या पदार्थाच्या तीन अवस्था सर्वांना ठाऊक आहेत. वायूला अतितीव्र उष्णता किंवा उच्च विद्युतदाब दिला असता त्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू विजेचा वाहक बनतो. ही चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा होय. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तिला हे नाव दिले. आकाशात चमकणारी वीज आणि वेल्डिंग करताना दिसणारी प्रखर ज्योत ही तिची परिचित उदाहरणे आहेत.

कचऱ्यासाठीच्या यंत्रात दोन विद्युतअग्रांमध्ये अशीच ज्योत निर्माण केली जाते. ज्योतीचे तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. भट्टीतील तापमान त्याहून पुष्कळ कमी असते. भट्टीत प्राणवायू मुळीच दिला जात नाही किंवा अगदी मोजका दिला जातो. त्यामुळे कचरा नेहमीसारखा जळत नाही, तर त्याचे रेणू तुटतात. सेंद्रिय भागापासून मुख्यत्वे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील वायू मिळतात. तापमान पुरेसे असल्यास काच, माती, धातू इत्यादी भाग वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा काचेसारखा कठीण खडा होतो. मिळालेला वायू शुद्ध करून इंजिनात किंवा बाष्पकात वापरला की ऊर्जा मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. ज्योत कितीही प्रखर असली तरी मूलद्रव्ये नष्ट होत नाहीत. कचऱ्यातील पारा वायूबरोबर बाहेर पडू शकतो. क्लोरीनयुक्त पदार्थ असल्यास, वायू हळूहळू थंड होताना डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे पुन्हा तयार होण्याचा धोका असतो. म्हणून वायू झपाट्याने थंड करण्याची व धुऊन घेण्याची व्यवस्था हा या यंत्राचा अविभाज्य भाग होय.

ओल्या कचऱ्याचा हिशेब

आपल्याकडील घरगुती कचऱ्यात भाजीपाला व अन्न यांचा वाटा मोठा असतो आणि त्यात पाणी पुष्कळ असते. एक किलो पाणी ३० अंशांवरून तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६१० किलोकॅलरी उष्णता लागते. एक टन कचऱ्यात निम्मे पाणी आहे असे धरले, तर केवळ ते पाणी उडविण्यास सुमारे ३ लाख ५ हजार किलोकॅलरी, म्हणजेच जवळजवळ ३५५ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. ज्योतीला लागणारी वीज वेगळीच. जी ऊर्जा मिळवावयाची तिचा मोठा हिस्सा अशा रीतीने यंत्रातच खर्ची पडतो.

परदेशांतील अनुभवही सावध करणारा आहे. जपानमधील उताशिनाई येथील प्लाझ्मा प्रकल्प पुरेसा कचरा न मिळाल्याने व यंत्रातील अडचणींमुळे २०१३ मध्ये बंद झाला. इंग्लंडमधील टीज व्हॅली येथे एका मोठ्या कंपनीने असे दोन प्रकल्प हाती घेतले होते. तांत्रिक अडचणींमुळे २०१६ मध्ये तिने या व्यवसायातून अंग काढून घेतले.

याचा अर्थ हे तंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. जो कचरा घातक आहे आणि ज्याचा निर्धोक नाश हाच मुख्य हेतू आहे, तेथे त्याचे मोल आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे २००९ च्या सुमारास उभारलेला प्लाझ्मा प्रकल्प घातक औद्योगिक कचऱ्यासाठीच होता. गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेने रुग्णालयीन कचऱ्यासाठी यंत्रे विकसित केली. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी पिवळ्या पिशवीतील कचऱ्यासाठी भस्मीकरणाबरोबर प्लाझ्मा पद्धतीसही मान्यता दिली.

वर्धा जिल्ह्यासाठी विवेक

सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमुळे वर्धा हे विदर्भातील आरोग्यसेवेचे एक मोठे केंद्र बनले आहे. रक्ताने माखलेला कापूस व मुदत संपलेली औषधे यांसारख्या कचऱ्यासाठी प्लाझ्मा पद्धतीचा विचार होऊ शकतो. मात्र याच नियमांनुसार ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्राची सेवा उपलब्ध असल्यास रुग्णालयाने स्वतःचे यंत्र बसवावयाचे नसते. तेव्हा असे तंत्र आणावयाचेच, तर ते सामाईक केंद्रात आणणे उचित ठरेल.

गावच्या ओल्या कचऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याची वाट याच जिल्ह्याने फार पूर्वी दाखविली आहे. १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी मैला व केरकचरा यांचे खत करून ते शेतीला परत देण्याचा आग्रह धरला होता. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. त्यातून स्वयंपाकाला गॅस मिळतो आणि उरलेली मळी शेतात जाते. येथे पाणी अडचणीचे नसून आवश्यकच असते. प्लाझ्माच्या भट्टीत मात्र कचऱ्यातील नत्र वायुरूपाने निघून जाते आणि काचेचा खडा पिकाला उपयोगी पडत नाही. कपाशीच्या जमिनीला सेंद्रिय खताची निकड असलेल्या जिल्ह्यात ही हानी लहान नव्हे. शेतात जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाटीसाठीही साधे वायूकरण किंवा कांडी-इंधन पुरेसे आहे.

म्हणून वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या नगरपालिकांपुढे किंवा एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीपुढे अशा यंत्राचा प्रस्ताव आल्यास काही प्रश्न अवश्य विचारावेत. रोज कोरडा कचरा नक्की किती मिळेल? यंत्राची गरज भागवून बाहेर देण्यास वीज किती उरेल? धुराड्यातील वायूची तपासणी कोण व किती वेळा करील? उत्तरे लेखी व आकड्यांत मिळावीत.

यंत्र कोणतेही असो, ओला, कोरडा व घातक कचरा घरातच वेगळा झाला नाही तर ते निष्फळ ठरेल. एकत्र झालेल्या कचऱ्याचे धड खत होत नाही आणि धड इंधनही होत नाही. ही सवय ग्रामसभेने ठरवावी, शाळेने रुजवावी आणि घंटागाडीने मोडू नये. वेगळा केलेला ओला कचरा घंटागाडीत पुन्हा एकत्र होणार नाही, एवढी दक्षता प्रत्येक पंचायत व नगरपालिका आजपासून घेऊ शकते. त्यासाठी कोणत्याही प्रकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही.