माणदेशाचे आकाश आणि अदृश्य घड्याळे

आटपाडीला पाऊस तुटपुंजा, पण आकाश भरपूर! माळावर मेंढरे बसवून धनगर चांदण्यांवरून रात्र किती सरली ते सांगतो. लहानपणापासून मला या घड्याळाचे नवल वाटत आले. पण त्याच आकाशात याहून कितीतरी नेमकी घड्याळे आहेत आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत!

१९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर एक चमत्कारिक खूण दिसली. दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका. हा पहिला पल्सार. प्रचंड तारा फुटल्यावर उरलेला, वीसएक किलोमीटर रुंदीचा हा गाभा गरगर फिरत दीपगृहासारखा रेडिओलहरींचा झोत फेकतो. हिवाळ्यात रोहिणीच्या पूर्वेला पाहा. १०५४ साली तेथे दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटातून उरलेला पल्सार सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेतो.

असे पल्सार शोधणारी मोठी दुर्बीण आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडदला आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! विज्ञान दिनाला मुलांना घेऊन मी तेथे गेलो, तेव्हा तबकडीची तारांची जाळी पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, यातून तर आकाश दिसतंय!" वारा आरपार जावा आणि खर्च वाचावा, म्हणून ही युक्ती. लांब रेडिओलहरींना ती जाळी आरशासारखीच.

पण ठोका ओळखायचा कसा? कळप एकदम निघतो. चपळ शेळ्या पुढे जातात, मेंढरे मागे पडतात. वाट जितकी लांब, तितके अंतर जास्त. अवकाशातल्या विरळ इलेक्ट्रॉनांमधून येताना जास्त कंप्रतेच्या लहरी आधी पोचतात, कमी कंप्रतेच्या मागून. संगणक निरनिराळे अंदाज घेऊन ही फाटाफूट सांधतो, तेव्हा गोंगाटातून ठोका वर येतो.

याच पद्धतीने २००७ मध्ये डंकन लोरिमर आणि त्यांच्या विद्यार्थ्याला २००१ च्या जुन्या नोंदींत एक रेडिओस्फोट सापडला. काही मिलिसेकंदांचा, तोही आकाशगंगेबाहेरचा! असे काही स्फोट आता खोडदनेही टिपले आहेत. २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारकडून तसाच स्फोट आला, आणि निदान काहींचा उगम कळला.

फसगतही होते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे चकवणारे काही संकेत २०१५ मध्ये उलगडले. चालू मायक्रोवेव्ह भट्टीचे दार कोणीतरी मध्येच उघडत होते!

हसू येते खरे, पण प्रश्न आपल्याही दारातला आहे. मोबाईलचे मनोरे आणि सदोष वीजतारांच्या ठिणग्या अशाच लहरी पसरवतात. टेंभूचे पाणी आले, शिवार फुलले, आता दिवे वाढणार, वाढावेतही. फक्त ते जमिनीकडे तोंड करून लावावेत, ठिणग्या उडणारी तार वेळीच दुरुस्त करावी. हजारो वर्षे प्रवास करून आलेला ठोका आपल्या गलबल्यात हरवू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.