आयसीयूत पेशंट बरळायला लागला तर

ईटमधला पेशंट सिरीयस झाला की आधी भूम, मग बार्शी, नाहीतर धाराशिव किंवा सोलापूर. गाडी, पैसा, रक्त यांच्या धावपळीत दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी आयसीयूच्या दारात सिस्टर सांगतात, "आजोबा रात्रभर ओरडत होते, नळ्या ओढत होते." आत जावं तर आजोबा पोटच्या पोराला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतात. मग कुणीतरी हळूच सुचवतं, "बाहेरचं असेल, एकदा दाखवून या." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही आम्ही हे ऐकलं आहे, म्हणून हा विषय.

डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. आपल्या म्हाताऱ्या बायका 'वातात गेलाय' म्हणायच्या, ते हेच. हे वेड नव्हे आणि बाहेरचंही नव्हे. शरीर मोठ्या आजाराशी झुंजत असताना मेंदूचं काम काही काळ विस्कटतं. ते अचानक सुरू होतं आणि दिवसभरात कमीजास्त होतं. सकाळी नीट बोलणारा माणूस रात्री गोंधळतो. व्हेंटिलेटरवरच्या निम्म्याहून अधिक पेशंटना हा त्रास झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

ओरडणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प पडून राहणारा येत नाही. डोळे उघडे, पण बोलण्याकडे लक्ष नाही, विचारलेलं कळत नाही. घरचे म्हणतात, "शांत झोपलाय बिचारा." खरं तर हाच प्रकार जास्त आढळतो. तुमचा माणूस 'नेहमीसारखा नाही' हे डॉक्टरांपेक्षा तुम्हाला आधी कळतं, ते सांगा.

वय जास्त, आधीपासून विसरभोळेपणा, अपघात किंवा तातडीचं ऑपरेशन, अंगात पसरलेलं इन्फेक्शन, यांत धोका वाढतो. ऑक्सिजन, साखर किंवा सोडियम कमी होणं, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, झोपमोड हीही कारणं. मिडाझोलामसारख्या झोपेच्या औषधांनीही तो वाढू शकतो. ती कधी द्यावीच लागतात, पण विचारायला हरकत नाही.

दारूचं मात्र स्पष्ट सांगितलंच पाहिजे. रोज पिणारा माणूस ॲडमिट झाला की दारू एकदम बंद होते. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, झटकेही येतात. यात जीव जाऊ शकतो आणि याचे उपचार वेगळे असतात. सुनेसमोर, पाहुण्यांसमोर कसं सांगायचं म्हणून लोक लपवतात. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा: किती, कधीपासून, शेवटची कधी. तंबाखू, मिश्री, झोपेच्या गोळ्या याही सांगा.

डेलिरियम होऊच नये अशी खात्रीची गोळी नाही. साध्या गोष्टी मात्र उपयोगी पडतात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साध्या वॉर्डातल्या सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटपैकी निम्म्यांकडे झोप, चालणं-फिरणं, पाणी, चष्मा, कानाचं मशीन यांकडे नीट लक्ष दिलं. इतरांत शंभरी १५ जणांना डेलिरियम झाला, यांच्यात १० जणांना. म्हणून घाईत घरी राहिलेला चष्मा आणि मशीन दुसऱ्या दिवशी तरी घेऊन या. भेटीच्या वेळेत रडारड नको. हात धरून सांगा: "आई, मी तुझा धाकटा. आज मंगळवार, आपण सोलापूरला दवाखान्यात आहोत." भास होतात त्यावर वाद घालू नका. रात्री दिवे मंद ठेवता येतील का, डॉक्टरांनी परवानगी दिली तर उठवून बसवता येईल का, विचारा.

हात बांधलेले बघून घरचे चिडतात. नळी उपसली तर जीवावर बेतेल म्हणून बांधतात; पण बांधल्याने गोंधळ वाढतोही. भांडण्यापेक्षा "आमचा एक माणूस शेजारी बसवू का?" असं विचारा. काही ठिकाणी ऐकतात.

घरी आल्यावरही विसरणं, दचकून उठणं काही आठवडे, कधी काही महिने राहतं. पोरांना चिडवू देऊ नका. पुन्हा अचानक बरळणं, गुंगी किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.